घटना कोणती मानावी?

सदर : कौशल्य आणि उपजीविका



मागील लेखात आपण लहान व्यवसायाच्या ग्राहकांची नोंदवही संगणकावर कशी मांडावी, हे पाहिले होते. तो लेख वाचून काही वाचकांनी विचारले, की नोंदी तर झाल्या. आता त्या नोंदींवरून ग्राहकांना वेळच्या वेळी संदेश जावेत यासाठी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर लिहायला घेण्यापूर्वीच आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि विषयाबरोबर उदाहरणही हाती आले.

माझा भाचा अल क्वोजच्या औद्योगिक भागातील एका मोटार गॅरेजमध्ये नोकरीस आहे. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : शेख झायेद रोड आणि अल खैल रोड यांच्या दरम्यान पसरलेला हा दुबईचा जुना कारखानी परिसर आहे. गोदामे, छापखाने, सुतारकामाचे कारखाने, टायरची दुकाने आणि एकाला लागून एक अशी गॅरेजे. २००७ पासून अलसेरकल अव्हेन्यूच्या गोदामांत चित्रदालने उघडू लागली. २०२१ मध्ये दुबईच्या शासनाने अल क्वोजला सर्जनशील उद्योगांचे क्षेत्र करण्याची योजना जाहीर केली. तरीही पहाटे कामगारांच्या वसाहतींमधून बसगाड्या निघतात, त्या तशाच निघतात. आपल्या अनेक कुटुंबांतील पहिल्या माणसाने दुबई पाहिली, ती याच रस्त्यांवरून.

भाचा गॅरेजच्या काउंटरवर बसतो. आलेल्या गाडीचे जॉब कार्ड उघडणे, खर्चाचा अंदाज छापून देणे, ग्राहकाला फोन करणे ही त्याची कामे. काही महिन्यांपूर्वी मालकांनी ग्राहकांना स्वयंचलित संदेश पाठविणारे एक सॉफ्टवेअर घेतले आणि 'तुला कॉम्प्युटर येतो ना' असे म्हणून ते बसविण्याचे काम त्याच्यावर सोपविले. पगार तोच राहिला, जबाबदारी वाढली. त्याने दोन रात्री जागून, व्हिडिओ पाहून पाहून ते बसविले. मालकांनी पाठ थोपटली.

तिसऱ्या आठवड्यात एका ग्राहकाची गाडी लिफ्टवर उभी होती. तिचा गिअरबॉक्स उतरवून दुसऱ्या वर्कशॉपकडे दुरुस्तीला पाठविण्यात आला होता. त्या गृहस्थांचा गाडीविना चौथा दिवस चालू होता. त्याच दुपारी त्यांच्या फोनवर गॅरेजचा संदेश पोहोचला : 'आपली गाडी आता नव्यासारखी धावत असेल! आमची सेवा कशी वाटली? अभिप्राय द्या आणि पुढील सर्व्हिसवर दहा टक्के सूट मिळवा.' त्यांनी अभिप्राय दिला. पाचपैकी एक तारा, सोबत उघड्या गाडीचे छायाचित्र. संध्याकाळी ते स्वतः काउंटरसमोर येऊन उभे राहिले. मालकांनी सर्वांसमक्ष भाच्याला सुनावले, की या बदनामीची भरपाई त्याच्या पगारातून होईल.

रात्री त्याचा फोन आला. "मामा, मी काहीच पाठवलं नाही हो. ते आपोआप गेलं."

आजचा लेख या 'आपोआप'विषयी आहे.

ट्रिगर म्हणजे काय?

स्वयंचलित विपणनात आपोआप असे काही घडत नसते. कोणीतरी आधी एक वाक्य लिहून ठेवलेले असते : 'अमुक घडले, की तमुक करावे.' या वाक्याचा पूर्वार्ध म्हणजे ट्रिगर. बंदुकीचा चाप ओढला की पुढची सर्व क्रिया घडते, तसा हा चाप. वाक्याच्या उत्तरार्धात कामांची जी साखळी असते, तिला वर्कफ्लो म्हणतात. निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये तिची नावे निराळी असतात. कोठे 'जर्नी', कोठे 'फ्लो', कोठे 'ऑटोमेशन'. रचना मात्र एकच असते.

चाप म्हणून वापरता येणाऱ्या घटना साधारणतः चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार ग्राहकाच्या कृतीचा : त्याने अर्ज भरला, दुव्यावर बोट ठेवले, पैसे भरले. दुसरा, नोंदीतील बदलाचा : कार्डाची स्थिती 'चालू' होती ती 'पूर्ण' झाली. तिसरा, तारखेचा : विम्याची मुदत संपण्यास तीस दिवस उरले. चौथा प्रकार न घडलेल्या घटनेचा : सहा महिने झाले, ग्राहक आलेलाच नाही. नवशिके बहुधा पहिल्या तिघांवर थांबतात. चौथा किती उपयोगाचा आहे, ते पुढे येईलच.

या साधनांचा इतिहास पाव शतकाचा आहे. एलोक्वा ही कंपनी कॅनडातील टोरँटो येथे १९९९ मध्ये निघाली, अमेरिकेतील हबस्पॉट २००६ मध्ये. चेन्नईच्या झोहोच्या ग्राहक-नोंदणी सॉफ्टवेअरमध्येही असे नियम लिहिता येतात. वेबएंगेज (२०११) आणि क्लेव्हरटॅप (२०१३) या कंपन्यांची सुरुवात तर आपल्या मुंबईत झाली आणि त्यांची साधने आज आखातातील व्यवसायही वापरतात. सांगायचा हेतू हा, की भाच्याला काउंटरवर बसून, वेगळ्या पगाराविना जे शिकावे लागले, ते मुंबईत, पुण्यात आणि दुबईत एका स्वतंत्र नोकरीचे शिक्षण आहे. संगणकाची भाषा लिहिता येण्याची त्याला गरज नाही. नेमके वाक्य लिहिता येण्याची मात्र फार गरज आहे.

नोंद काय सांगत होती

मी भाच्याला म्हटले, "घाबरू नकोस. त्या ग्राहकाच्या नावापुढची हिस्टरी उघड आणि मला वाचून दाखव."

अशा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या माणसाला कोणता संदेश, केव्हा आणि कशामुळे गेला याची नोंद असते. काही बिघडले की सर्वप्रथम ती उघडावी. भाच्याने वाचले : सकाळी ११.४२, जॉब कार्डाची स्थिती 'कम्प्लीट'. एक तास थांबा. दुपारी १२.४२, संदेश रवाना.

कार्ड 'कम्प्लीट' कोणी केले? लिफ्टवर काम करणाऱ्या एका नेपाळी कारागिराने, भिंतीवरच्या टॅबवर बोट ठेवून. त्याने खोटे काही केले नव्हते. गिअरबॉक्स उतरवून बाहेर पाठविणे एवढेच त्याच्या वाट्याचे काम होते आणि ते झाले होते. शिवाय महिनाअखेर त्याचा बोनस पूर्ण झालेल्या कार्डांवर मोजला जातो. काम हातावेगळे होताच तो बटण दाबणार, हे उघड आहे.

एकाच शब्दाचे येथे तीन अर्थ झाले होते. कारागिराच्या दृष्टीने 'कम्प्लीट' म्हणजे माझे काम झाले. हिशेबनिसाच्या दृष्टीने, आता बिलाला घेता येईल. भाच्याने वर्कफ्लो लिहिताना तिसराच अर्थ गृहीत धरला होता : ग्राहक गाडी घेऊन घरी गेला. सॉफ्टवेअरला यांपैकी एकही अर्थ कळत नाही. त्याला फक्त तो शब्द दिसतो.

आता भाच्याच्या हाती पुरावा होता. सकाळी तो मालकांपुढे ठेवून 'बटण याने दाबले' असे म्हणणे त्याला शक्य होते. तसे केले असते, तर भरपाईचे ओझे काउंटरवरून लिफ्टकडे सरकले असते. त्याच्याहून कमी पगाराच्या माणसाकडे.

"मामा, त्याचं नाव सांगू का?" त्याने विचारले.

"नाव सांगितल्यावर उद्या दुसऱ्या गाडीचा संदेश थांबेल का?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही. उद्या दुसरा कोणी दाबेल. चूक माझ्या वाक्यात आहे."

चूक आपल्या वाक्यात आहे असे म्हणायला बळ लागते. त्यातही पगार कापला जाणार असताना. मी त्याला तसे म्हटले नाही; कागद घे, एवढेच म्हटले.

विश्वासाची नोंद कोणती?

गाडी ग्राहकाच्या ताब्यात गेली, हे गॅरेजमध्ये सर्वांत खात्रीने कोणत्या नोंदीवरून कळते? भाच्याने क्षणभर विचार करून सांगितले, "गेट पास." त्याच्या गॅरेजमध्ये बिल भरल्याखेरीज गेट पास निघत नाही आणि पास नसेल तर पहारेकरी फाटक उघडत नाही. पास लवकर काढला तर हिशेबनीस अडचणीत येतो. उशिरा काढला तर ग्राहक फाटकाशी खोळंबतो. म्हणून ती नोंद वेळेवर आणि खरी होते.

यातून एक कसोटी मिळते, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. चाप अशा नोंदीवर बसवावा, जी चुकली तर करणाऱ्याचेच काम तत्काळ अडते. 'कम्प्लीट'चे बटण घाईने दाबल्याने कोणाचे काही अडत नव्हते, उलट बोनसाची मोजणी पुढे जात होती. म्हणून ती नोंद या कामापुरती भरवशाची नव्हती. कारागिराला दोष देण्याचे तेथे कारणच नाही.

हीच कसोटी इतर व्यवसायांना लावून पाहा. आपल्यातील काही भगिनी घरून मसाले, पापड, साड्या विकतात. आखातात आणि भारतातही वस्तू हाती आल्यावर रोख पैसे देण्याची पद्धत मोठी आहे. अशा व्यवसायात 'ऑर्डर नोंदली' या घटनेवर आभाराचा आणि अभिप्रायाचा संदेश बसविला, तर दारातून माल परत पाठविणाऱ्यालाही 'चव कशी वाटली?' असे विचारले जाईल. तेथे योग्य घटना 'पैसे मिळाले' ही आहे. संकेतस्थळावर विक्री असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. खरेदीनंतर 'धन्यवाद' असे लिहिलेले पान दिसते. ते पान उघडणे हीच घटना मानली, तर ग्राहकाने ते पुन्हा उघडताच दुसरी खरेदी नोंदली जाते. म्हणून पैसे स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडून आलेली पोच ही घटना मानावी आणि ऑर्डर क्रमांक ही तिची ओळख ठेवावी. एका क्रमांकासाठी एकदाच संदेश.

ओळखीचा प्रश्न गॅरेजमध्येही होता. भाच्याने प्रत्येक घटना ग्राहकाच्या फोन क्रमांकाशी जोडली होती. एका गृहस्थाच्या दोन गाड्या असतील, तर एकीची सर्व्हिस झाल्यावर दुसरीचेही स्मरण थांबते. कंपनीची व्हॅन असेल, तर क्रमांक त्या वेळच्या ड्रायव्हरचा असतो आणि तो माणूस कदाचित मायदेशी परतलेलाही असतो. म्हणून घटना गाडीशी जोडावी, संदेश माणसाला पाठवावा आणि त्या दोहोंचे नाते निराळ्या रकान्यात ठेवावे.

आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट

चाप ठरला म्हणजे वर्कफ्लो पूर्ण झाला, असे नाही. आणखी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावी लागतात.

पहिला प्रश्न : जुन्या नोंदींचे काय? वर्कफ्लो चालू करण्याच्या क्षणी ज्या ग्राहकांच्या बाबतीत ती घटना पूर्वीच घडून गेली आहे, त्यांना आत घ्यायचे की नाही? हबस्पॉटसारखी साधने चालू करताना हे विचारतात. न वाचता 'होय' म्हटले, तर दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या माणसाला आज 'काल गाडी कशी चालली?' असा संदेश जातो. शंका असेल तेथे केवळ नव्या नोंदी घ्याव्यात.

दुसरा प्रश्न : तोच ग्राहक पुन्हा आत येऊ शकतो का? हबस्पॉटमध्ये मूळ मांडणी अशी असते, की एक माणूस एका वर्कफ्लोत एकदाच शिरतो. पुन्हा शिरू द्यायचे तर तसे मुद्दाम सांगावे लागते. सर्व्हिसच्या स्मरणासाठी पुनःप्रवेश हवाच. तो नसेल तर ग्राहकाला पहिल्या वर्षी आठवण जाते आणि नंतर कधीच जात नाही. स्वागताच्या संदेशासाठी पुनःप्रवेश अजिबात नको.

तिसरा प्रश्न : बाहेर केव्हा पडावे? सर्व्हिसची आठवण जाणार होती, पण ग्राहक आदल्याच दिवशी गाडी घेऊन आला. नवे जॉब कार्ड उघडताच त्याला साखळीतून बाहेर काढले पाहिजे. गाडी विकली गेली, ग्राहकाने 'संदेश नकोत' असे कळविले, तक्रार चालू आहे, या सर्व बाहेर पडण्याच्या वाटा आहेत. भाच्याच्या पहिल्या मांडणीत अशी एकही वाट नव्हती. बहुतेक नवशिक्यांच्या मांडणीत ती नसते, कारण सर्व लक्ष पाठविण्याकडे असते.

तारखेचा हिशेब

तारखेवरचे चाप सोपे वाटतात आणि तेथेच चुका होतात. अमिरातीत गाडीच्या नोंदणीचे, म्हणजे मुल्कियाचे, दर वर्षी नूतनीकरण करावे लागते आणि तीन वर्षांहून जुन्या खासगी गाडीची त्यापूर्वी तांत्रिक तपासणी होते. विमा मात्र साधारणतः १३ महिन्यांचा असतो. भाच्याने विम्याच्या तारखेआधी ३० दिवस, असा चाप बसविला होता. नोंदणी आणि विमा एकाच वेळी घेतलेले असतील, तर ही आठवण मुल्किया संपण्याच्याच सुमारास पोहोचणार. तपासणीपूर्वी गाडी दाखवायला वेळच उरणार नाही. तारीख कोणत्या कागदावरची घ्यायची, हे ठरविणे म्हणजेच घटना ठरविणे.

सर्व्हिसचेही तसेच आहे. त्याच्या गॅरेजचा नियम 'सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते' असा आहे. पण वर्कफ्लोत फक्त सहा महिने लिहिले होते. आम्ही त्या रात्री दोन गाड्यांचा हिशेब केला. एक घरगुती गाडी ६ जुलैला आली तेव्हा ५५,२०० किलोमीटर चाललेली होती. ३ जानेवारीला ६२,४०० झाली. १८१ दिवसांत ७,२०० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ४०. या गतीने दहा हजार व्हायला २५० दिवस लागतील. तेव्हा तिच्यासाठी सहा महिनेच आधी येतात. दुसरी गाडी माल पोहोचविणारी व्हॅन, दिवसाला १२० किलोमीटर चालणारी. तिचे दहा हजार ८३ दिवसांत होतात. सहा महिन्यांनी आठवण गेली, तर तोवर ती एकवीस हजारांच्या पुढे गेलेली असेल. म्हणून मागील दोन भेटींतील किलोमीटर आणि दिवस यांवरून पुढील तारीख काढून ती रकान्यात भरावी आणि चाप त्या रकान्यावर बसवावा. बेरीज-भागाकाराचे हे काम कोणत्याही तक्त्यात होते.

घड्याळ आणि कायदा

सॉफ्टवेअरच्या खात्याचे घड्याळ कोणत्या देशाचे आहे, हे पहिल्याच दिवशी तपासावे. ते भारताचे राहिले, तर सकाळी ९ चा संदेश दुबईत ७.३० ला पोहोचतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे राहिले, तर हिवाळ्यात सकाळी १० चा संदेश येथे रात्री १० वाजता वाजतो. २०२२ च्या प्रारंभापासून अमिरातीत शासकीय साप्ताहिक सुटी शनिवार-रविवारची झाली. त्यापूर्वी बनविलेले जुने वर्कफ्लो अजून शुक्रवार सुटीचा धरून चालत असतील, तर तेही सुधारावेत. रमजानमध्ये कामाचे तास दोनने कमी होतात आणि तो महिना दर वर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणून त्यासाठी ठरावीक इंग्रजी तारीख लिहून चालत नाही.

कायद्याचीही जाण हवी. अमिरातीचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा संघराज्य कायदा, २०२१ चा क्रमांक ४५, हा २ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क त्यात माणसाला आहे. विपणनासाठी फोन करण्याचे नियम २७ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार असे फोन सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेतच करता येतात आणि नियमभंगाला दंड आहे. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक व्यवस्थेत विपणनाचे संदेश आणि सेवेविषयीचे संदेश हे वेगळे वर्ग मानले जातात. 'आपली गाडी तयार आहे' हा सेवेचा संदेश. त्याच्या शेपटाला 'दहा टक्के सूट' जोडली, की तो विपणनाचा होतो. भाच्याच्या पहिल्या संदेशात विचारपूस आणि सूट एकत्र होती. आम्ही ती वेगळी केली आणि सूट फक्त संमती नोंदविलेल्यांसाठी ठेवली.

जे घडले नाही त्याची घटना

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने मालकांपुढे एका पानाचा कागद ठेवला. त्यावर कोणाचेही नाव नव्हते. 'काम झाले' आणि 'गाडी दिली' या दोन स्थिती वेगळ्या कराव्यात. कारागिरांच्या बोनसाची मोजणी पहिलीवरच राहावी. अभिप्रायाचा संदेश गेट पास निघाल्यानंतर दोन दिवसांनी जावा. आणि तोपर्यंत सर्व स्वयंचलित संदेश बंद ठेवावेत, असे चार मुद्दे होते. मालकांनी कागद वाचला आणि 'करून दाखव' म्हटले. भरपाईचा विषय त्यांनी काढला नाही, भाच्यानेही काढला नाही.

मग त्याने त्या नाराज ग्राहकाला स्वतः फोन केला. क्षमा मागितली. पलीकडून उत्तर आले, की संदेशाचे जाऊ द्या. चार दिवसांत गाडीचे काय चालले आहे, हे एकदा तरी कोणी सांगितले का?

हे वाक्य भाच्याने मला सांगितले, तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. त्याने आठ संदेश बसविले होते. स्वागत, आभार, अभिप्राय, सूट, सणाच्या शुभेच्छा. 'आपला गिअरबॉक्स दुसरीकडे गेला आहे, आणखी दोन दिवस लागतील' असे सांगणारा त्यांत एकही नव्हता. गॅरेजला जे हवे होते त्या प्रत्येक घटनेवर चाप होता. ग्राहकाला जे हवे होते त्यावर नव्हता.

म्हणून नववा वर्कफ्लो बनला, तो चौथ्या प्रकारच्या घटनेवर. कार्ड उघडताना दिलेला वायदा टळून गेला आणि गेट पास निघालेला नाही, असे आढळले की संदेश जातो. पण ग्राहकाला जात नाही. तो काउंटरवर भाच्याच्या पडद्यावर येतो : 'या ग्राहकाला फोन कर.' उशीर का झाला, हे यंत्राला माहीत नसते. लिफ्टपाशी जाऊन कारागिराला विचारावे लागते आणि मग माणसाने माणसाशी बोलावे लागते. आता भाचा दिवसातून दोनदा तेथे जातो. नेपाळी कारागीर त्याला गाडी दाखवून नेमके कारण समजावून देतो आणि भाचा ते ग्राहकाला सांगतो.

महिनाअखेर पगार पूर्ण जमा झाला. ते ग्राहक मात्र गाडी घेऊन गेले ते गेलेच. त्यांचा एक तारा अजून तेथेच आहे.

घरी करून पाहण्यासाठी

ज्या वाचकांना हे शिकायचे आहे, त्यांनी आधी सॉफ्टवेअर उघडू नये. कोऱ्या कागदावर एका वर्कफ्लोसाठी सहा ओळी लिहाव्यात.

१. घटना कोणती, आणि ती कोणत्या नोंदीवरून कळते?

२. ती नोंद कोण करतो, आणि ती चुकली तर कोणाचे काम अडते?

३. घटना कोणाशी जोडली आहे : माणसाशी, वस्तूशी की ऑर्डरशी?

४. किती वेळाने, कोणत्या देशाच्या घड्याळाने, कोणत्या वेळेत?

५. जुन्या नोंदी आत घ्यायच्या का, आणि तोच माणूस पुन्हा येऊ शकतो का?

६. बाहेर कशाने पडतो?

सहाही ओळी भरल्या, की स्वतःचा फोन क्रमांक ग्राहक म्हणून नोंदवावा आणि खोटे कार्ड उघडून सर्व वाटा चालून पाहाव्यात. सुरळीत वाट तर चालावीच. पण रद्द झालेली ऑर्डर, परत आलेला माल, दोन गाड्यांचा मालक याही वाटा चालाव्यात. एका माणसाला आठवड्यात किती संदेश जाऊ शकतात, याची कमाल मर्यादा घालावी. चालू केल्यानंतर पहिला आठवडाभर रोज रात्री हिस्टरी वाचावी. हबस्पॉट अकॅडमीचे प्राथमिक अभ्यासक्रम विनामूल्य आहेत आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळते; भाच्याने आता तो अभ्यासक्रम घेतला आहे. सुटीच्या दिवशी तो आणि त्याची धाकटी बहीण, ती छत्रपती संभाजीनगरात शिकते, फोनवर मिळून धडे सोडवितात.

आपल्या मुलांपैकी जी काउंटरवर, गोदामात किंवा टंकलेखनाच्या टेबलावर बसली आहेत, त्यांच्यावर असे सॉफ्टवेअर आज ना उद्या सोपविले जाईल. त्या दिवशी कामाला लागण्यापूर्वी त्यांनी मालकांकडून या सहा ओळींवर होकार लेखी घ्यावा. तो कागद जपून ठेवावा.

पुढील लेखात आपण संमतीची नोंद कशी ठेवावी, ते पाहू. आपले प्रश्न संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावेत.